पाच जणांचा संघ आणि तीन पाळ्या

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कंपनीच्या पाळ्यांपासून करावी लागते. सकाळी सात ते साडेतीन पहिली, साडेतीन ते रात्री बारा दुसरी, आणि बारा ते सकाळी सात तिसरी. इतर कॉलेजांच्या इतिहासात कर्णधार असतात, चषक असतात, कुणीतरी पुढे जाऊन राज्याच्या संघात खेळलेला असतो. आमच्या इतिहासात मुख्यतः पाळ्या आहेत.

मी चाकणच्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात क्रीडा संचालक होतो. पदनाम ऐकून लोकांना वाटतं, या माणसाच्या हाताखाली दोन-चार प्रशिक्षक आणि एखादं स्टेडियम असणार. प्रत्यक्षात पंधरा ऑगस्टला चुन्याच्या रेघा मारणं, स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतल्या उत्साही मंडळींना आवरणं, आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते हात हलवून दाखवणं, एवढं संचालन माझ्याकडे होतं. यातून वेळ उरला की खेळ.

आमच्याकडची निम्मी पोरं कंपनीत कामाला. कुणी ट्रेनी, कुणी कॉन्ट्रॅक्टवर. परभणी, लातूर, जालन्याहून आलेली, चाकणला चौघांत एक खोली घेऊन राहणारी, आणि त्यांच्या जोडीला इथल्याच गावांमधली. कॉलेज सांभाळून नोकरी करतात असं म्हणायची पद्धत आहे, पण आमची पोरं नोकरी सांभाळून कॉलेज करायची. तासाला झोपलेल्या पोराला मी कधी उठवलं नाही. बाकीच्या प्राध्यापकांनाही ते हळूहळू कळलं.

मैदानाची कथा थोडक्यात सांगतो. शेजारच्या एका कारखान्याचं बांधकाम झालं तेव्हा उरलेले दोन लोखंडी खांब आम्हाला मिळाले. पहिल्या तुकडीतल्या पोरांपैकी काही फॅब्रिकेशनच्या कामावर होती, त्यांनी रिंग वेल्डिंग करून दिल्या. रिंग इतक्या दणकट झाल्या की एखादा ट्रक येऊन धडकला असता तर काळजी ट्रकची करावी लागली असती. चेंडू त्यावर आपटला की थेट मैदानाच्या मध्यावर परत. जाळ्यांचा प्रश्न चाकणच्या कांदा बाजारानं सोडवला. जाळीदार गोणीचं बूड कापलं की झाली जाळी. एकदा पोरांनी बूड पुरतं कापलंच नाही आणि सामना चालू असताना चेंडू गोणीत अडकून बसला. पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पण गोणीबद्दल त्यात काही निघालं नाही.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मैदानावर एका बाजूचे पाच जण असतात आणि त्यांना हवं तितक्या वेळा बदलता येतं. क्रिकेटसारखं बाद झाला की तंबूत, असं नाही. बाहेर गेलेला घाम पुसून पुन्हा आत येऊ शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा खेळ न बघता द्यायच्या पासचा आहे. आपला माणूस आत्ता कुठे आहे हे बघून चेंडू दिला तर उशीर झालेला असतो. तो कुठे पोचणार हे आधीच माहीत हवं. त्यासाठी पाच जणांनी रोज एकत्र खेळायला लागतं. आणि माझे पाच जण एकमेकांना भेटायचे ते कंपनीच्या गेटवर, एक आत जाताना आणि दुसरा बाहेर येताना.

हे पाच जण म्हणजे माझ्या शेवटच्या वर्षांतला संघ, आणि निर्विवाद आमचा सगळ्यात चांगला. प्रशांत पिंपरीचा. आजोबा कामगार, वडील कामगार, हा बी.कॉम. करता करता बँकेच्या परीक्षांची तयारी करणारा. डोकं तल्लख आणि तोंड त्याहून. मंगेश इथल्याच गावचा, जमीन रस्त्यात आणि कारखान्यांत गेलेली, अंगात भलती ताकद. अमोल दोन होते. सहा फुटांच्या वर असलेला मोठा अमोल आणि त्याच्या काखेखालून निघून जाणारा छोटा अमोल. पाचवा बालाजी, परभणीकडचा. बोलायला मंद, चालायला मंद, पण चेंडू हातातून सुटला की रिंगमधून गेल्याशिवाय राहायचा नाही. असा नेम मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

पाचही जण गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीत. संघातली उरलेली पाच पोरंही तिथलीच. पण गट तीन. प्रशांत आणि मोठा अमोल एका पाळीत, मंगेश आणि छोटा अमोल दुसऱ्या, बालाजी तिसऱ्या. दर आठवड्याला पाळ्या फिरायच्या, पण गट तसेच राहायचे. त्यामुळे प्रशांतनं बालाजीचा नेम प्रत्यक्ष कमी पाहिला आणि माझ्या तोंडून जास्त ऐकला होता. सामन्याला कधी दोघं यायचे, कधी तिघं, बाकी भरती करायची. भरतीलाही माणूस मिळाला नाही की चौघंच उरायचे, आणि चौघांना खेळता येत नाही, मग समोरचा संघ न खेळताच जिंकायचा. आमच्या विभागात माझ्या संघाला 'कागदावरचा संघ' म्हणत. मला ते फार लागायचं, कारण ते खरं होतं.

भरतीची पोरं घेऊन गेलो की काय होतं त्याचा एक नमुना सांगतो. रावेत बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सामना होता. लाकडी मैदान, वर छत, काचेचे बोर्ड. आमची पोरं बूट काढून आत जायचं का म्हणून दारातच विचारत उभी राहिली. पण खेळायला लागली ती जोरात. आम्ही चार गुणांनी पुढे. तेवढ्यात त्यांनी खेळाडू बदलायला मागितला आणि टेबलावरचा भोंगा वाजला. त्या भोंग्याचा आवाज आमच्या कंपनीच्या भोंग्याचा सख्खा भाऊ. माझ्या तीन पोरांनी चेंडू जागेवर ठेवला, हात शर्टाला पुसले आणि दाराकडे चालू लागली. एक तर टिफिनची पिशवी हुडकायला लागला. मी ओरडून परत बोलावलं, पण तोपर्यंत सगळं सभागृह हसत होतं. पंच मला म्हणाले, "सर, शिस्त फार चांगली आहे तुमच्या पोरांना." आम्ही तो सामना बारा गुणांनी हरलो.

निवृत्तीचं वर्ष लागलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती. चषक नको, प्रमाणपत्र नको. माझी पाचही पोरं एका सामन्यात, एका वेळी, मैदानावर उतरलेली मला बघायची होती. एकदाच. निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ मिळणारच होतं, मला हे हवं होतं.

अडचण वाराची होती. जगाची सुटी रविवारी, आमच्या पट्ट्याची गुरुवारी. स्पर्धा रविवारी ठरायच्या आणि रविवारी आमच्याकडे तिन्ही पाळ्या भरून चालायच्या. गुरुवारी सराव ठेवावा तर पोरं बुधवारी सुटली की गावाकडची गाडी पकडायची. बालाजीला मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सर, म्याचला हाक मारा, कुठूनबी येतो. प्रॅक्टिसला नका बोलवू. माय वाट बघायलीय."

मग एक दिवस मला सुचलं. स्पर्धेचा वार यजमान कॉलेज ठरवतं. आपणच यजमान व्हायचं.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांना खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण समारंभातलं पूर्ण कळायचं.

"उद्घाटन असतं का याला?" त्यांनी विचारलं.

"असतं ना सर. पाहुणे, दीपप्रज्वलन, आपलं मनोगत."

"माइक चांगला मागवा. मागच्या वेळी खरखर होती. आणि तो गुण दाखवणारा लाल आकड्यांचा बोर्ड असतो, तोही आणा. फोटोत बरा दिसतो."

एवढ्यावर परवानगी मिळाली. आमच्या विभागात बास्केटबॉलचे संघ तीनच. तिसऱ्यानं परीक्षेचं कारण देऊन माघार घेतली. म्हणजे एकच सामना, तोच पहिला आणि तोच अंतिम. समोर रावेतवाले. मी गुरुवार ठरवला. पाचही जणांनी गावाला जायचं रद्द केलं. छोट्या अमोलनं तर चुलत बहिणीचा साखरपुडा सोडला.

गुरुवार उजाडला. रस्ते मोकळे, कंपन्यांच्या बस नाहीत, ट्रक नाहीत. रावेतचा संघ ठरल्या वेळेच्या आधी हजर. मांडव, खुर्च्या, माइक, लाल आकड्यांचा बोर्ड, वेळ दाखवायचं यंत्र, भोंगा, सगळं जागेवर. मी आमच्या शिंदेमामांना, म्हणजे कॉलेजच्या शिपायांना, बटण दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"मामा, फ्यूज बघा."

मामा माझ्याकडे बघत राहिले. "सर, आज गुरवार हाय न्हवं? लाइट न्हाई आज."

आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुटी का असते, तर त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद असते म्हणून. शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट. मी वर्षभर त्या गुरुवारच्या मागे लागलो होतो, आणि तो गुरुवार मोकळा कशामुळे असतो तेवढं मात्र विसरलो होतो. मांडवात सगळ्यांना एकदमच आठवलं. मंगेश हसू दाबायला पाठ करून उभा राहिला.

प्राचार्यांनी माइकशिवाय मनोगत व्यक्त केलं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. गुण फळ्यावर खडूनं लिहायचे ठरले. वेळ पंचांच्या मोबाइलवर. भोंग्याऐवजी मामा तास वाजवायची पितळी घंटा घेऊन टेबलाशी बसले. चेंडू हातात आल्यावर चोवीस सेकंदांत तो रिंगकडे फेकावा लागतो, तेवढे आकडे मोठ्यानं मोजायचं काम प्रेक्षकांतल्या पोरांनी आपणहून घेतलं. रावेतवाल्यांचे सेकंद ती जरा भरभर मोजत होती. पंचांनी दोनदा दटावलं.

आणि माझे पाच जण मैदानावर उतरले. प्रशांत, मंगेश, दोन्ही अमोल आणि बालाजी. मी कडेला उभा होतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर होतं.

पुढच्या पाच मिनिटांत मला कळलं की मी भलत्याच गोष्टीची वाट पाहत होतो.

प्रशांतनं न बघता उजवीकडे पास दिला. त्याच्या पाळीत तिथे नेहमी मोठा अमोल असतो. आज तिथे छोटा अमोल होता, चेंडू त्याच्या डोक्यावरून थेट प्राचार्यांच्या चहापर्यंत गेला. मंगेश आणि प्रशांत दोघंही आपापल्या पाळीचे म्होरके. दोघं एकाच चेंडूवर धावले आणि कपाळाला कपाळ लागलं. मोठ्या अमोलनं चेंडू उडी मारून पकडला आणि तो आपल्याच छोट्या अमोलनं त्याच्या हातातून हिसकावून घेतला. बालाजी रात्रीची पाळी करून थेट आला होता. तो डोळे उघडे ठेवून झोपला होता. चेंडू त्याच्या छातीवर आपटून खाली पडला, तेव्हा लाइनवर पुढच्याला माल देताना म्हणतात तसं तो झोपेतच "घ्या" म्हणाला.

मध्यंतराला फळ्यावर आमचे अकरा, त्यांचे तीस. रावेतचे प्रशिक्षक सज्जन माणूस, माझ्याकडे बघायचं टाळत होते.

पोरं सावलीत बसली. मी काय बोलावं ते जुळवत होतो, तेवढ्यात प्रशांतच बोलला. "सर, रागावू नका. पण आम्हाला तोडा."

"म्हणजे?"

"पाळ्या लावा. मी आणि मोठा आमच्यातली तीन पोरं घेऊन आधी जातो. दमलो की हे येतील. आम्हाला एकमेकांची सवय नाही सर. ज्याची आहे त्याच्याबरोबर खेळू द्या."

मंगेशनं मान हलवली. "व्हय सर. आन् बाळ्याला झोपू द्या आत्ता. शेवटी उठवू."

मला ते नको होतं. हे पाच जण एकत्र बघायला मी अख्खी स्पर्धा मांडली होती, वीज नसलेल्या दिवशी माइक मागवला होता, आणि आता मीच त्यांना वेगळं करायचं. मनात आलं, हरू दे, पण पाचही जण राहू दे मैदानावर. हे मनात आलं आणि माझी मलाच शरम वाटली. माझ्या हौसेपायी पोरांनी का हरावं? मी म्हटलं, "लावा पाळ्या."

मग जे झालं ते मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. प्रशांतची पाळी आत गेली. दहा मिनिटांत त्यांनी अंतर निम्मं केलं, कारण पास जिथे जायला हवा तिथे माणूस उभा होता. घंटा वाजली, ती बाहेर आली आणि मंगेशची पाळी, चौघंच असल्यानं प्रशांतकडचा एक भरतीला घेऊन, आत जायला उठली. पण लगेच गेली नाही. मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देताना कामगार सांगतात तसं आधी सगळं सांगून झालं.

"सात नंबर डावीकडूनच येतोय, उजवा हात नाहीच त्याला," प्रशांत म्हणाला.

"आन् त्यो दाढीवाला?"

"दमलाय. पळव त्याला."

मंगेश आणि छोट्या अमोलनं दाढीवाल्याला असा पळवला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. समोरचे पाच तेच, दमलेले, कारण आघाडी घटू लागल्यावर त्यांना बदलायची हिंमत त्यांच्या प्रशिक्षकांना होत नव्हती. आमच्याकडे दर थोड्या वेळानं ताजी पाळी आणि जुन्या पाळीची सगळी खबर. रावेतच्या प्रशिक्षकांनी आता माझ्याकडे बघायला सुरुवात केली.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो. मोठ्या अमोलनं बाकावर आडव्या झालेल्या बालाजीला हलवलं. तो उठला, डोळे चोळले, कोण पुढे आहे ते विचारलं आणि आत गेला. दोन वेळा चेंडू त्याच्याकडे आला, दोन्ही वेळा त्यानं तो तीन गुण मिळतात त्या लांबच्या रेषेबाहेरून टाकला आणि दोन्ही वेळा तो कांद्याच्या जाळीतून खाली पडला. मामांनी घंटा वाजवली ती थांबवेचनात. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. आमच्या कॉलेजच्या इतिहासात विभागातला पहिला विजय. माझे पाच जण दुसऱ्या अर्ध्यात एकदाही एकत्र मैदानावर नव्हते.

प्रेक्षकांत कंपनीचे सुपरवायझर भोसलेसाहेब आले होते. पोरांनीच बोलावलं होतं. कडक माणूस म्हणून नाव, पण त्या दिवशी ते आपणहून मला येऊन भेटले. "सर, ही पोरं माझ्या लाइनवर असतात आणि मला माहीतच नव्हतं. तुमची अडचण मी कायमची मिटवतो. सोमवारपासून दहाच्या दहा पोरं एका पाळीत. रोज साडेतीनला सुटतील, घ्या हवा तेवढा सराव."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. याहून मोठं बक्षीस मला कुणी दिलं नव्हतं. पुढची फेरी पुण्यात होती, एका रविवारी सकाळी अकरा वाजता. ती तारीख आली आणि मग माझ्या ध्यानात आलं की दहाच्या दहा पोरं पहिल्या पाळीत आहेत.

मी भोसलेसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सर, वेगवेगळ्या पाळीत असती तर चार-पाच मोकळी असतीच, एक-दोघं मी सोडली असती. आता दहा सोडली तर लाइन बंद पडते. मीच घोळ घातला." मला त्यांचीच कीव आली. म्हटलं, "साहेब, तुम्ही चांगलंच केलंत." आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

रविवारी मी एकटाच पुण्याला गेलो. कॉलेजचं कुणीतरी हजर राहून सही करायची असते. समोरचा संघ अंग मोकळं करत होता. पंचांनी नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहिली, मी बाकावर बसून राहिलो. "संघ कुठाय सर?" त्यांनी विचारलं. "कामावर आहे," मी सांगितलं. सही केली, त्यांच्याबरोबर जेवलो आणि चाकणची गाडी धरली.

साडेतीननंतर प्रशांतचा फोन आला. मागे कंपनीच्या बसची घरघर ऐकू येत होती.

"सर, काय झालं?"

"हरलो."

"कितीनं?"

"वीस-शून्य. हजर नसलं की नियमानं तेवढेच देतात."

मागच्या सीटवरून बालाजीचा मंद आवाज आला. "वीसच? मंग सुटलो की. आपुन पाचीजण खेळलो असतो तर चाळीसनं हरलो असतो."

सगळी बस हसली. प्रशांतनं फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मला एकेकाचं हसणं वेगळं ओळखू येत होतं. मोठा अमोल खोकल्यासारखा हसतो, छोटा किंचाळतो, मंगेश मांडीवर थाप मारतो. पाचही जण एका गाडीत होते, एका पाळीवरून सुटून एकत्र घरी चालले होते. मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. शेजारच्या बाईंनी मला बिस्किट दिलं.

"सर, उद्या चारला मैदानावर," प्रशांत म्हणाला. "सगळे येतोय."

मी बरं म्हणालो. त्याला बहुतेक ठाऊक नव्हतं, पण तो रविवार महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि माझ्या नोकरीचाही. सोमवारी मी कॉलेजचा कुणीच नव्हतो. चार वाजता बायकोला भाजी आणतो म्हणून सांगितलं आणि मैदानावर गेलो. शिट्टी कार्यालयात जमा करून टाकली होती, म्हणून तोंडानंच वाजवली. पाचही जण उतरले, आणि पहिल्याच पासला प्रशांत आणि मंगेश एकमेकांवर आदळले.